माँतायू : चौकशीच्या वहीत उरलेले गाव



फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर माँतायू नावाचे एक खेडे आहे. आज तिथे राहणारी माणसे पन्नासही भरत नाहीत. इ. स. १३०० च्या सुमारास ती दोनशे ते अडीचशे होती. तिथे मोठी लढाई झाली नाही, कोणी राजा जन्मला नाही, कसले कारखाने निघाले नाहीत. तरीही मध्ययुगीन युरोपातल्या सामान्य शेतकऱ्याविषयी बोलायचे झाले की अभ्यासकांना या गावाचे नाव घ्यावेच लागते. हे कसे घडले आणि त्यासाठी गावाने काय किंमत मोजली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आधी ‘गाव’ या शब्दाविषयी थोडे. फ्रान्समध्ये कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला ‘कोम्यून’ म्हणतात. गोव्यातल्या मंडळींना परिचित असलेला ‘कोमुनिदाद’ हा शब्द त्याच लॅटिन कुळातला, पण अर्थ वेगळा. कोमुनिदाद म्हणजे गावकरांची सामाईक जमीन आणि तिची व्यवस्था. कोम्यून म्हणजे मेयर आणि निवडलेले मंडळ असलेली गावाची शासनसंस्था. राज्यक्रांतीच्या वर्षी, १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने कोम्यूनची रीतसर स्थापना झाली. देशभर आजही सुमारे ३५,००० कोम्यून आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची वस्ती पाचशेच्या आत आहे. एवढे लहान घटक टिकण्याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. क्रांतिकारकांनी नवे नकाशे आखले, पण खेड्यापाड्यांत बहुतेक ठिकाणी जुनी धर्मग्रामे होती तशी उचलली आणि त्यांनाच कोम्यून म्हटले. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या घंटेखालची वस्ती. गोव्यात तिला आपण फिर्गज म्हणतो. त्यामुळे फ्रान्समधल्या कुठल्याही लहान गावाचा इतिहास शोधायला निघालात, तर वाट फिर्गजेच्या वहीपाशीच येते.

या वह्यांचाही एक क्रम आहे. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३९ साली व्हिलेर-कोतरे इथून काढलेल्या फर्मानात पाद्रींनी बाप्तिस्म्यांची नोंद ठेवावी असा हुकूम केला. १५७९ मध्ये लग्ने आणि दफने यांचीही नोंद सक्तीची झाली. १६६७ पासून वहीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात, असे ठरले. २० सप्टेंबर १७९२ रोजी ही सगळी जबाबदारी पाद्रीकडून काढून गावाच्या मेयरकडे दिली गेली. १५३९ च्या त्याच फर्मानात आणखी एक कलम होते : न्यायालयाचे कागद यापुढे लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत. दक्षिणेतली माणसे ऑक्सितान बोलत होती. कागदावरून लॅटिन गेली, पण तिची जागा त्यांच्या बोलीला मिळाली नाही, राजधानीच्या भाषेला मिळाली. राज्यांच्या सीमेवर भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या कलमाचा अर्थ फोड करून सांगायला नको.

माँतायूची कथा मात्र या फर्मानाच्याही दोन शतके आधीची आहे. तेव्हा जन्ममृत्यूची वही ठेवण्याची सक्ती कोणावर नव्हती. मग त्या गावातल्या मेंढपाळाचे, विधवेचे, चांभाराचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचले कसे? उत्तर कडू आहे. ते त्यांच्यावर खटला भरणाऱ्याच्या वहीतून पोहोचले.

त्या मुलखात बाराव्या शतकापासून काथार नावाचा पंथ पसरला होता. चांगल्या देवाने आत्मे निर्माण केले आणि हे दिसणारे जग वाईट शक्तीने घडवले, अशी त्यांची धारणा. त्यांचे साधू मांस खात नसत, स्त्रीसंग करत नसत. लोक त्यांना ‘भले लोक’ म्हणत. ते पुनर्जन्म मानत. आपण मागच्या जन्मी घोडा होतो आणि याच वाटेवर दोन दगडांच्या फटीत आपला नाल अडकून पडला, असे सांगणारा आणि शोधल्यावर तो नाल काढून दाखवणारा एक भला माणूस त्यांच्या गोष्टींत वारंवार भेटतो. रोमच्या चर्चला हा पंथ पाखंड वाटला. १२०९ मध्ये त्याच्याविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झाले. १२४४ मध्ये माँसेग्यूरच्या किल्ल्याखाली दोनशेहून अधिक काथारांना जाळण्यात आले. तरीही डोंगराच्या कुशीत, घराघराच्या चुलीपाशी, पंथ धुगधुगत राहिला. १३०० च्या आसपास पिएर आणि गीयोम ओतिये या दोन भावांनी, जे आधी दस्तऐवज लिहिणारे नोटरी होते, त्याला पुन्हा फुंकर घातली आणि माँतायूतली बरीच घरे त्यांच्या बाजूला गेली.

१३०८ साली कार्कासोनच्या इन्क्विझिशनने माँतायूतल्या सगळ्या वयात आलेल्या माणसांना, बायका आणि पुरुष दोघांनाही, पकडले. पुढे १३१७ मध्ये पामिये इथे जाक फुर्निये नावाचा बिशप आला. साध्या घरातला, सिस्टर्शियन मठात वाढलेला, अत्यंत चिकाटीचा माणूस. त्याने १३१८ ते १३२५ या काळात आपले चौकशीचे न्यायालय चालवले. न्यायालयाचे कामकाज ३७० दिवस झाले आणि ५७८ जबान्या झाल्या. त्यांत माँतायूची सुमारे पंचवीस माणसे होती. त्या काळातल्या इतर अधिकाऱ्यांच्या मानाने फुर्नियेने यातनांचा वापर क्वचितच केला. त्याचे शस्त्र प्रश्न हे होते. तो विचारत राही : कोण आले, कुठे बसले, काय खाल्ले, कोण कोणाला काय म्हणाले, दिवा होता की अंधार होता. सत्य शोधण्याच्या या हव्यासाने त्याने अनेकांना तुरुंगात धाडले आणि माँतायूच्या गीयोम फोर याच्यासह पाच जणांना चितेवर पाठवले. त्याच हव्यासामुळे आपल्याला एका खेड्याचे स्वयंपाकघर दिसते.

चांभार, मेंढपाळ, विधवा ऑक्सितानमध्ये उत्तरे देत. नोटरी टिपणे घेई आणि लॅटिनमध्ये मसुदा करी. आरोपीला तो त्याच्या भाषेत समजावून सांगितला जाई. मग चर्मपत्रावर स्वच्छ प्रत होई. १३३४ मध्ये फुर्निये बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. आव्हिन्यों इथल्या पोपच्या राजवाड्याचे बांधकाम त्यानेच सुरू केले. त्याची वही अखेर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोहोचली. १९६५ मध्ये जाँ द्युव्हेर्नुआ यांनी तिचा लॅटिन पाठ तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि १९७५ मध्ये एमान्युएल ल रुआ लाद्युरी यांनी तिच्यावरून माँतायूचा ग्रंथ लिहिला. खेड्यातल्या शेतकऱ्यांवरचे विद्वत्तेचे पुस्तक लाखांच्या घरात खपले, ही फ्रान्सच्या प्रकाशनविश्वात आश्चर्याची बाब ठरली.

आता त्या वहीत काय आहे ते थोडे पाहू.

पहिली गोष्ट घर. माँतायूच्या माणसाला जात, वर्ग, देश यांपेक्षा घर मोठे वाटे. घर म्हणजे भिंती आणि माणसेही; मधोमध स्वयंपाकघर आणि त्यातला विस्तव. गावचा विगार, म्हणजे पाद्री, पिएर क्लेर्ग याचा बाप वारला, तेव्हा त्याच्या केसांच्या बटा आणि नखे कापून घरात जपून ठेवण्यात आली, घराचे नशीब त्याच्याबरोबर निघून जाऊ नये म्हणून. ही हकीकत अलाझाई आझेमा नावाच्या गावच्याच बाईच्या जबानीत येते. काळ मोजायची पद्धतही घरगुती होती. साल बहुधा कोणाला नेमके सांगता येत नाही. अमक्या संताच्या सणाच्या आधी, एल्मच्या झाडांना पालवी फुटली होती तेव्हा, अशी उत्तरे येतात. पंचांग, सण आणि शिवाराकडे बोट दाखवून घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या जन्मतारखा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट हा विगार. फिर्गजेचा इतिहास म्हणजे विगारांची यादी, असे अनेक गावांच्या पुस्तकांत असते. माँतायूचा विगार त्या यादीत मावणारा नव्हता. तो बाहेरून चर्चचा सेवक, आतून काथारांचा मित्र. त्याचा भाऊ बेर्नार गावचा कारभारी, म्हणजे वसुली आणि न्याय दोन्ही त्याच घरात. कार्कासोनच्या अधिकाऱ्यांशी संबंध ठेवून पिएरने आपल्या विरोधकांना अडकवले आणि आपल्या माणसांना वाचवले. विगाराच्या पाखंडाविषयी उघड बोलणाऱ्या एका बाईची, मेंगार्द मोर्सची, जीभ कापली गेली. आणि गावातल्या अनेक बायकांशी त्याचे संबंध होते. शेवटी फुर्नियेने त्यालाही पकडले. तो तुरुंगात मेला. भाऊही तुरुंगातच मेला. जिच्यावाचून वहीचे पान उलटत नाही त्या माणसाची स्वतःची जबानी मात्र वहीत नाही. विगार आपल्याला दिसतो तो पूर्णपणे इतरांच्या तोंडून. ज्याने गावाला बोलायची भीती घातली, त्याच्याविषयी अखेर गाव बोलले आणि तो गप्प राहिला.

तिसरी गोष्ट बेआत्रीस द प्लानिसोल. माँतायूच्या गढीवरच्या सरदाराची ती विधवा, विगाराची एकेकाळची प्रेयसी. १३२० मध्ये तिला पकडले तेव्हा तिच्याजवळच्या वस्तूंत दोन वाळलेल्या नाळा सापडल्या. जादूटोण्याचा पुरावा म्हणून अधिकाऱ्यांचे डोळे चमकले असतील. तिने सांगितले की त्या माझ्या नातवांच्या नाळा आहेत. त्या जवळ बाळगल्या की खटला हरत नाही, असे मला कोणी सांगितले होते. तो खटला ती हरलीच. वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर ती कपड्यांवर पिवळे क्रूस शिवून घेण्याच्या अटीवर सुटली. हे पिवळे क्रूस पाखंडाची खूण म्हणून अंगावर घालून वावरावे लागे.

चौथी गोष्ट पिएर मोरी या मेंढपाळाची. तो कळप घेऊन उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात कातालोनियात जाई. त्याला घर नव्हते, बायको नव्हती, लांबचे सोयरेधायरे मात्र भरपूर होते. गावाकडे परत जाऊ नकोस, पकडला जाशील, असे मित्र सांगत. जे नशिबात आहे ते चुकत नाही, असे तो म्हणे आणि वाटेला लागे. या भल्या माणसाने काथारांचा शेवटचा साधू गीयोम बेलिबास्त याला वर्षानुवर्षे सांभाळले. बेलिबास्तला एका हेराने फसवून परत आणले आणि १३२१ मध्ये जाळण्यात आले. पिएर मोरीला १३२४ मध्ये तुरुंगाची शिक्षा झाली.

पाचवी गोष्ट माँतायूची नव्हे, पण त्याच वहीतली. आर्क गावची सिबील पिएर हिची तान्ही मुलगी मरणाच्या दारात होती. काथारांच्या साधूने तिच्यावर शेवटचा संस्कार केला आणि बजावले की आता तिला दूध देऊ नकोस. तिचा आत्मा शुद्ध झाला आहे, तो तसाच जाऊ दे. बाप आणि साधू बाहेर गेले. आईने मुलीला पदराखाली घेतले आणि पाजले. नवऱ्याला कळले तेव्हा तो संतापला, आणि पुढे कितीतरी दिवस त्याने तिच्यावर प्रेम केले नाही, असे ती सांगते. मुलगी त्यानंतर सुमारे वर्षभर जगली. वर चर्चचे पाखंडशास्त्र, खाली पंथाचे मोक्षशास्त्र, आणि दोन्हींच्या मध्ये ही बाई. ती बिशपसमोर उभी राहून हे सांगत होती तेव्हा तिच्यापुढे तुरुंगाचे दार होते. आपण ते वाचतो तेव्हा आपल्यापुढे फक्त पान असते. हा फरक विसरून ही वही वाचता येत नाही.

म्हणूनच या ग्रंथावर टीकाही झाली, आणि ती ऐकायला हवी. लिओनार्ड बॉइल या विद्वानाने, जे पुढे व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले, १९८१ मध्ये लिहिले की ल रुआ लाद्युरी यांनी वही पुष्कळदा सैल वाचली. इतरांनी मुद्दा मांडला की ही माणसे मोकळ्या गप्पा मारत नव्हती; त्यांना विचारले जात होते, आणि विचारणाऱ्याच्या हाती कोठडीची किल्ली होती. माणसे ऑक्सितानमध्ये बोलली, वही लॅटिनमध्ये बोलते, आणि आपण ती फ्रेंच किंवा इंग्रजी अनुवादांतून वाचतो. या प्रत्येक पायरीवर काहीतरी गळले. मेंढपाळाच्या तोंडची शिवी लॅटिनमध्ये शिष्ट झाली असेल, आईच्या तोंडचे लडिवाळ नाव विभक्तिप्रत्ययात हरवले असेल. माझ्या मते या टीकेने वहीची किंमत घटत नाही. तिने फक्त वाचण्याची रीत ठरते. प्रत्येक ओळीपाशी तीन प्रश्न विचारायचे : प्रश्न कोणी केला? उत्तर कोणत्या भाषेत आले? आणि लिहिणाऱ्याला काय हवे होते?

आता गोव्याकडे वळायला हवे, कारण इन्क्विझिशन हा शब्द उच्चारून गोव्याच्या दारावरून पुढे जाता येत नाही. गोव्यातली इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडता, चालू होती. शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य तिच्या कोठडीत होता. त्याचे १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक युरोपभर वाचले गेले. आपले अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना जी मोठी अडचण होती ती हीच, की संस्था बंद पडल्यावर गोव्यातल्या तिच्या कागदपत्रांचा मोठा भाग जाळून टाकण्यात आला. १६२३ साली तयार झालेली सुमारे ३,८०० खटल्यांची एक सूची लिस्बनमध्ये उरली आहे. सूचीत आरोप आणि निकाल आहेत. चुलीपाशी काय बोलणे झाले, कोणी कोणाला काय भरवले, घर सोडताना तुळशीचे काय केले, देव कसे उचलून नेले, याच्या जबान्या राखेत गेल्या.

माँतायू आणि गोवा यांतला हा फरक मला विचार करायला लावतो. दोन्ही ठिकाणी अन्याय झाला. एका ठिकाणी अन्याय करणाऱ्याने आपली वही जपली, कारण त्याला तिचा अभिमान होता. दुसऱ्या ठिकाणी नंतरच्या कारभाऱ्यांना तिची अडचण वाटली. माँतायूच्या माणसांना निदान आवाज उरला. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांच्या वाट्याला फक्त एक ओळ आली, आणि बहुतेकांच्या वाट्याला तीही नाही. कागद जाळला की पीडा पुसली जाते, असा जाळणाऱ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पुसली जाते ती पीडिताची बाजू.

याच्या उलट उदाहरणही गोव्यात आहे. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने गावकरांच्या चालीरीती एका सनदेत नोंदवल्या. हेतू वसुलीचा होता. तरी गावकरीच्या जुन्या व्यवस्थेविषयी आपल्या हाती असलेला तो फार मोलाचा कागद आहे. सत्तेचा हेतू आणि कागदाचा उपयोग नेहमी एकाच वाटेने जात नाहीत.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. आपली नावे सत्तेच्या वह्यांत आहेत : संस्थानांच्या दप्तरांत, इनामांच्या चौकश्यांत, दाव्यांत, शाळांच्या हजेरीपटांत. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आहेत, जिथे नाव आपण स्वतः सांगून लिहवले. यांतल्या जुन्या कागदांची लिपी मोडी. ती वाचणारे दर पिढीत कमी होत आहेत. घर दुरुस्त होते तेव्हा माळ्यावरचे रुमाल आधी रद्दीत जातात. व्हॅटिकनमध्ये सहाशे वर्षे लॅटिन वाचणारा कोणी ना कोणी होता, म्हणून १९६५ साल उजाडू शकले. आपल्या रुमालांना तेवढा धीर नाही. त्यांना वाळवी आहे, पाऊस आहे आणि घरातल्यांचा कंटाळा आहे.

माझी सूचना मोठी नाही. आपल्या संस्थेने वर्षातून एकदा सभासदांच्या घरचे मोडी कागद मागवावेत, जाणकाराकडून निदान त्यांची यादी करून घ्यावी, छायाचित्रे ठेवावीत आणि मूळ कागद घरी परत द्यावेत. आणि ज्या आजी-आजोबांचे कागद नाहीत, त्यांना प्रश्न विचारावेत. फुर्नियेसारखे बारीक प्रश्न : चूल कुठे होती, पाहुणा आला की कुठे बसत, लग्नात कोणती भाषा बोलली जाई, कोणाशी बोलणे बंद होते आणि का. फरक एवढाच की समोरच्याला उत्तर न देण्याचेही स्वातंत्र्य असावे, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरावे.

माँतायूत क्लेर्ग हे आडनाव ल रुआ लाद्युरी यांनी ग्रंथ लिहिला तेव्हाही नांदत होते. गढीचे अवशेष टेकडीवर आहेत. खाली कार्नेसची माता मेरी हिचे जुने देवालय आहे. विगाराची आई तिथेच वेदीखाली पुरली गेली होती. ती काथारांची सहायक होती आणि तिला पुरले मातेच्या पायाशी, हे गावाला तेव्हाही खटकले आणि कोणीतरी ते वहीत सांगितले. एवढ्या लहान गावात एवढे भांडण, एवढे प्रेम आणि एवढी श्रद्धा होती, हे आपल्याला कळते कारण कोणीतरी विचारले आणि कोणीतरी लिहून ठेवले. विचारणारा आता आपला असावा आणि लिहिलेली भाषाही आपली असावी, इतकीच इच्छा व्यक्त करून थांबतो.